आधी पोट, मग खेळ: हा क्रमच चुकीचा आहे

पालघर जिल्ह्याच्या जव्हार-मोखाड्यातल्या लहान मुलांबद्दल बोलताना खेळाचा विषय काढला की समोरून एक वाक्य हमखास येतं. ‘अहो, तिथं पोरांच्या पोटात अन्न नाही आणि तुम्ही खेळाच्या गोष्टी काय करता?’ आढावा बैठकीत हे वाक्य ऐकू येतं, देणगी द्यायला आलेल्या मंडळींकडून येतं, आणि ज्यांनी उमेदीची वर्षं या डोंगरात घालवली अशा कार्यकर्त्यांच्या तोंडूनही येतं. बोलणाऱ्याच्या मनात मुलांविषयी खरी कळकळ असते, म्हणूनच त्याला उत्तर देणं अवघड जातं. भूक आणि खेळ एकदा समोरासमोर उभे केले की खेळाची बाजू घेणारा माणूस निर्दयी ठरायला वेळ लागत नाही.

तरीही ती बाजू घेतली पाहिजे. ‘आधी पोट, मग खेळ’ हा क्रम ऐकायला शहाणपणाचा वाटतो, पण कुपोषणाचा अभ्यास करणाऱ्यांनी तो केव्हाच मोडीत काढला आहे. कुपोषित मुलाला खेळायला मिळणं हा त्याच्या उपचाराचा भाग आहे. मूल बरं झाल्यावर द्यायचं ते बक्षीस नाही. हे म्हणणं मी पुढं पुराव्यानिशी मांडतो.

त्याआधी हा क्रम इथं इतका घट्ट का बसला, ते समजून घ्यायला हवं. १९९२-९३ साली जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणी परिसरातले बालमृत्यू वर्तमानपत्रांत आले आणि हा भाग महाराष्ट्राला कुपोषणामुळं माहीत झाला. २०१६ मध्ये मोखाड्यातल्या मृत्यूंनी पुन्हा तेच झालं. प्रत्येक वेळी मंत्र्यांचे दौरे झाले आणि आहाराच्या योजना आल्या, वाढल्या. डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेतून गरोदर आणि स्तनदा मातांना एक वेळचं ताजं जेवण मिळू लागलं, मुलांना अंडी-केळी मिळू लागली. हे सगळं हवंच होतं, आजही हवं आहे आणि आजही अपुरं पडतं. पण या सगळ्यात अंगणवाडी म्हणजे वजनकाटा, दंडघेराची पट्टी आणि खिचडी, एवढंच चित्र लोकांच्या मनात ठसलं. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली तेव्हा तिच्यात सहा सेवा होत्या. पूरक आहार ही त्यातली एक आणि शाळापूर्व अनौपचारिक शिक्षण, म्हणजे प्रत्यक्षात खेळातून शिक्षण, ही दुसरी. कागदावर दोघींचा दर्जा सारखाच. पाड्यावर मात्र पहिली उरली आणि दुसरी, वेळ मिळालाच तर करायची गोष्ट झाली.

आता पुरावा. जमैकाच्या राजधानीत, किंग्स्टनमध्ये, १९८६-८७ साली सॅली ग्रँथम-मॅकग्रेगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गरीब वस्त्यांमधली १२९ मुलं निवडली. सगळी नऊ महिने ते दोन वर्षं वयाची, सगळ्यांची उंची वयाच्या मानानं खुंटलेली. त्यांचे चार गट केले. एका गटातल्या घरांना दर आठवड्याला एक किलो दुधाचं पोषक मिश्रण दिलं. दुसऱ्या गटात आरोग्यसेविका आठवड्यातून एकदा तासभर घरी जायची, हातानं बनवलेली खेळणी सोबत न्यायची आणि आईला शेजारी बसवून बाळाशी खेळायची. तिसऱ्या गटाला दूधही मिळालं आणि खेळही. चौथ्याला यातलं काहीच नाही. दोन वर्षं हे चाललं. शेवटी पाहिलं तर दूध मिळालेल्या मुलांची बौद्धिक वाढ सुधारली होती, खेळ मिळालेल्यांचीही सुधारली होती आणि दोन्ही मिळालेली मुलं सर्वांत पुढं गेली होती.

इथवर कुणाचा वाद असणार नाही. पण संशोधकांनी त्या मुलांचा माग सोडला नाही. मुलं सात-आठ वर्षांची झाली, मग अकरा-बारा, मग सतरा-अठरा. दुधाचा बुद्धीवरचा परिणाम वाढत्या वयाबरोबर ओसरत गेला. खेळाचा टिकला. खेळ मिळालेल्या गटाचं वाचन चांगलं होतं, शाळा अर्ध्यात सोडण्याचं प्रमाण कमी होतं, चिंता आणि नैराश्यही कमी होतं. बाविसाव्या वर्षी त्यांची कमाई खेळ न मिळालेल्या मुलांपेक्षा सुमारे २५ टक्क्यांनी जास्त होती. हा निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध झाला. आठवड्यातून एक तास, दोन वर्षं, आणि घरच्या टाकाऊ वस्तूंची खेळणी, एवढाच काय तो खर्च!

यावर आक्षेप येणार, आणि तो योग्यच आहे: मुलं फक्त १२९, आणि जमैका म्हणजे जव्हार नव्हे. म्हणूनच हीच पद्धत पुढं बांगलादेशात, कोलंबियात आणि आपल्याकडे ओडिशात वापरून पाहिली गेली. परिणामांचं प्रमाण सगळीकडे सारखं आलं नाही, पण मुलांच्या विकासाला त्यातून हातभार लागतो हे पुन्हा पुन्हा दिसलं. आणि या अभ्यासाचा आधार घेऊन कुणी आहाराच्या तरतुदीला कात्री लावू पाहील, तर त्यानं तो अर्धाच वाचला आहे. दोन वर्षांच्या अखेरीस सर्वांत पुढं होती ती दोन्ही मिळालेली मुलं. माझी मागणी अंड्याच्या जागी खेळण्याची नाही. अंडं आणि खेळणं एकाच वेळी, एकाच दिवशी, मिळालं पाहिजे.

अगदी टोकाच्या कुपोषणातही हेच लागू पडतं. जागतिक आरोग्य संघटनेनं १९९९ मध्ये तीव्र कुपोषित मुलांच्या उपचाराची जी पुस्तिका काढली, तिच्यावर आधारलेली उपचाराची दहा पावलं आज जगभरचे डॉक्टर वापरतात. रक्तातली साखर सावरणं, अंग ऊबदार ठेवणं, जंतुसंसर्ग आवरणं, हळूहळू आहार वाढवणं अशी ती पावलं आहेत, आणि त्यांतलं नववं पाऊल आहे मुलाच्या इंद्रियांना चालना आणि मनाला आधार. त्यात रोज पंधरा ते तीस मिनिटं ठरवून खेळ घ्यावा असं लिहिलं आहे, आईला त्यात सामील करावं असंही लिहिलं आहे. एवढंच नव्हे, तर खेळणी कोणती आणि कशी करायची तेही दिलं आहे: दोरीला बांधलेली कडी, खुळखुळा, डबा उलटा करून केलेला ढोल, बाटलीत टाकायच्या आणि काढायच्या वस्तू, एकात एक बसणारी भांडी, एकावर एक रचायची झाकणं. ग्लुकोजच्या मात्रा जिथं मिलिलिटरमध्ये लिहिल्या आहेत, त्याच पुस्तकात हे आहे. मरणाच्या दारातून परत आणायच्या मुलासाठी डॉक्टर खुळखुळा लिहून देतात, आणि आपण म्हणतो, आधी पोट भरू द्या.

डॉक्टर तो का लिहून देतात, हे एखाद्या सॅमच्या, म्हणजे तीव्र कुपोषित, मुलाजवळ थोडा वेळ बसलं तरी कळतं. असं मूल रडत नाही, हट्ट करत नाही, आईला कामात आडवं येत नाही. दाराच्या उंबऱ्याशी बसवलं तर तिथंच बसून राहतं. समोर कोंबडी आली तरी हात पुढं करत नाही. शरीराला मिळणारी थोडकी ऊर्जा जगण्यापुरती राखून ठेवायची म्हणून ते हालचाल आवरतं. कुपोषित मुलं कमी फिरतात, वस्तू कमी हाताळतात, आईला अधिक बिलगून असतात, असं मेक्सिकोत आणि जमैकात झालेल्या अभ्यासांतही नोंदलं गेलं आहे. पुढचा घाव याहून खोल आहे. जे मूल मागत नाही, त्याच्याशी घरचं माणूसही कमी बोलतं. मोठ्या भावंडांच्या खेळात त्याला घेत नाहीत, कारण त्याला पळता येत नाही. ‘गरीब आहे बिचारं, काही त्रास देत नाही,’ असं आई कौतुकानं सांगते. ज्या वयात मेंदू सर्वांत वेगानं वाढतो, त्याच वयात त्या मेंदूला बाहेरून काहीच येत नाही. पोटाची उपासमार अंड्यानं थांबवता येते. ही दुसरी उपासमार थांबवायला समोर बसून त्याच्या डोळ्यांत बघणारं, पदराआड तोंड लपवून बुवाकुक करणारं माणूस लागतं.

यावर दुसरा युक्तिवाद पुढं येतो, आणि तो पहिल्याच्या अगदी उलट आहे. गंमत अशी की कधी कधी दोन्ही एकाच तोंडून येतात. ‘आदिवासी पोरं काय, दिवसभर खेळतच असतात. रान आहे, ओहोळ आहे, झाडं आहेत. त्यांना खेळायला शिकवायची गरज नाही, अंगणवाडीत त्यांना अक्षरं शिकवा.’

यात अर्धं खरं आहे आणि ते मोकळेपणानं मान्य करायला हवं. अंगमेहनतीच्या खेळांत या मुलांचा हात कुणी धरणार नाही. चढ चढणं, उड्या मारणं, पावसाळ्यात ओहोळात दगड उलटून खेकडे धरणं, गलोलीनं नेम साधणं, यातून तोल, ताकद आणि नजर तयार होते, आणि त्यासाठी कुठल्याही घसरगुंडीची गरज नाही. लहानमोठी पोरं एकत्र खेळतात हीसुद्धा पाड्याची मोठी श्रीमंती आहे. शहरातल्या बालवाडीत सगळी मुलं एका वयाची असतात. इथं चार वर्षांचं पोर आठ वर्षांच्या भावामागं पळत पळत नियम शिकतं: लगोरी फुटली की कुणी पळायचं, बाद झाल्यावर रडून उपयोग का नाही, आपली पाळी येईपर्यंत दम कसा धरायचा.

पण ‘दिवसभर खेळतातच’ म्हणताना नेमकी कोणती मुलं डोळ्यांसमोर असतात? उंबऱ्याशी बसलेलं ते मूल त्यात नसतं. सात-आठ वर्षांची मुलगी त्यात नसते, कारण तिच्या कडेवर धाकटं भावंड असतं. आई रानात किंवा मजुरीला गेलेली असते, आणि बाकीची पोरं सूरपाट्या खेळतात तेव्हा ती कडेला उभी राहून बघते. कडेवरच्या बाळाशी ती खेळतेही, पण ती स्वतःच लहान आहे, दमते, आणि बाळ फार किरकिर करू लागलं की त्याला उचलून हलवत राहण्यापलीकडं तिच्या हातात काही उरत नाही. आणि दिवाळीनंतर जी घरं जगायला बाहेर पडतात, भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर, ठाण्याच्या बांधकामांवर, नाशिककडच्या द्राक्षबागांत, त्यांची मुलं तर कुणाच्याच हिशेबात नसतात. भट्टीवर मूल खेळतं ते चिखलाच्या ढिगाशेजारी आणि मालाच्या गाड्यांच्या वाटेवर. मातीच्या छोट्या विटा ते थापतं, आणि दोन-तीन वर्षांत त्याच हातांनी मोठ्या विटा उलटायला लागतं. कुठं खेळ संपला आणि कुठं काम सुरू झालं ते कळतही नाही. या मुलांबद्दल ‘रानात खेळतातच की’ असं म्हणणं मला सहन होत नाही.

शिवाय सगळे खेळ सारखंच काम करत नाहीत. धावण्यातून जे मिळतं ते धावण्यातूनच मिळतं. शब्द, कल्पना, स्वतःला आवरणं, दुसऱ्याच्या जागी स्वतःला ठेवणं, हे वेगळ्या खेळांतून येतं. ओहोळ मुलाला तोल देतो, पण मुलानं विचारलेल्या प्रश्नाला उत्तर देत नाही. निसर्ग हीच या मुलांची शाळा, असं लिहिणाऱ्यांना मला एवढंच विचारायचं आहे: या शाळेत बाळाशी बोलणारं मोठं माणूस दिवसात किती वेळ असतं? भाताच्या लावणीच्या, नागलीच्या कापणीच्या दिवसांत किती वेळ असतं? उणीव आहे ती इथं. तीन वर्षांच्या आतल्या बाळाशी समोरासमोर होणारा खेळ आणि तीन वर्षांपुढच्या मुलाला पुरेसा वेळ, पुरेशा वस्तू आणि ऐकणारं माणूस मिळून होणारा नाटकाचा, गोष्टींचा, रचनेचा खेळ, या दोन्ही गोष्टी कमी पडतात.

नाटकाच्या खेळाबद्दल जरा थांबून सांगायला हवं, कारण तो सगळ्यांत कमी मानला जातो आणि माझ्या मते सगळ्यांत मोलाचा आहे. मोखाडा-जव्हारकडचा बोहाडा ज्यांनी पाहिला आहे त्यांना त्या रात्री आठवत असतील. संबळ आणि पिपाणी, मशालींचा उजेड, कागदाच्या लगद्याचे मोठमोठे रंगवलेले मुखवटे, आणि एकेक सोंग नाचत येतं. बोहाडा होऊन गेला की पुढं कितीतरी दिवस पाड्यावरची पोरं बोहाडाच खेळतात. एकदा घरामागच्या मोकळ्या जागेत असा खेळ चाललेला मी पाहिला. सागाच्या पानाला डोळ्यांपुरती दोन भोकं पाडून एका पोरानं मुखवटा केला होता. दुसरा तेलाचा रिकामा डबा काटकीनं बडवत होता. साडेतीन-चार वर्षांचं एक पोर रावण होऊन मध्येच घुसायला बघत होतं. मोठ्या मुलीनं त्याला हाताला धरून मागं घेतलं. आधी गणपती यायचा, मग सारजा, रावणाला वेळ आहे. पोर थांबलं. पान तोंडावर दाबून, एका पायावरून दुसऱ्या पायावर होत, पण थांबलं. हेच पोर अंगणवाडीत ‘हाताची घडी, तोंडावर बोट’ म्हटलं तर अर्धा मिनिटही बसत नाही.

त्या थांबण्यात काय घडत होतं, ते लेव्ह व्हिगोट्स्की या रशियन मानसशास्त्रज्ञानं १९३३ सालच्या एका व्याख्यानात सांगितलं आहे. नाटकाच्या खेळात मूल मनाला येईल तसं वागत नाही. घेतलेल्या भूमिकेचा नियम ते स्वतःहून पाळतं, आणि तो पाळण्यातच त्याला आनंद असतो. त्याच परंपरेतल्या मनुइलेंको यांच्या प्रयोगात लहान मुलांना नुसतं ‘स्तब्ध उभं राहा’ म्हटलं तेव्हा ती थोडाच वेळ उभी राहिली, आणि पहारेकरी व्हायला सांगितलं तेव्हा बराच जास्त वेळ. शाळेत बसणं, ऐकणं, पाळी येईपर्यंत थांबणं, यासाठी लागणारा आवर पहिल्यांदा अशा खेळात तयार होतो. भूमिका लक्षात ठेवायची, सोंगांचा क्रम लक्षात ठेवायचा, समोरच्यानं बदललेली गोष्ट समजून घेऊन आपलं बोलणं बदलायचं, आणि हे सगळं वारली, कोकणा, ठाकरी, कातकरी अशा आपल्या घरच्या बोलीत करायचं. अंगणवाडीत शिरताना हे मूल आपली बोली दाराबाहेर ठेवून येतं. खेळात ती सोबत असते, आणि म्हणून खेळातलं त्याचं वाक्य अंगणवाडीतल्या वाक्यापेक्षा कितीतरी लांब असतं.

‘अक्षरं शिकवा’ या मागणीचं उत्तरही इथंच आहे. ही मागणी पालकांची आहे आणि तिचा मान ठेवूनच तिला उत्तर दिलं पाहिजे. जव्हार गावात इंग्रजी बालवर्गात जाणारी मुलं गणवेश घालून, पाटीवर अक्षरं काढून येतात. आपलं पोर मागं पडू नये असं पाड्यावरच्या आई-बापाला वाटलं तर त्यात चूक काय? चूक आहे ती आपली. अक्षराचा रस्ता खेळातून जातो हे आपण त्यांना कधी नीट दाखवलंच नाही. ‘क’ हा आकार एका आवाजाच्या जागी उभा आहे, हे मुलाला कळायला हवं असतं. सागाचं पान देवाच्या तोंडाच्या जागी, खडा अंड्याच्या जागी, काठी बैलाच्या जागी उभी करणारं मूल नेमका हाच अवघड विचार रोज करत असतं. चिंचोके उचलून ओळीनं लावणारी, ओल्या मातीचे गोळे वळणारी बोटं पेन्सिल धरायला तयार होत असतात. यमकांचे आणि बडबडीचे खेळ खेळणाऱ्या कानाला शब्दातला आवाज सुटा करता येऊ लागतो. हे आधी झालं नाही तर चार वर्षांचं मूल अक्षरांची नक्कल करतं, आणि तिसरीत गेल्यावर तेच मूल वाचता येत नाही म्हणून मागच्या बाकावर जातं. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं आणि २०२२ च्या पायाभूत स्तराच्या आराखड्यानं तीन ते आठ वर्षांच्या मुलांसाठी खेळावर आधारलेलं शिक्षणच मांडलं आहे. सरकारचं स्वतःचं धोरण हे सांगतं. तालुक्याच्या बैठकीत मात्र ‘किती मुलांना अंक येतात’ हाच प्रश्न विचारला जातो.

आणि हे सगळं बाहेरून आलेलं खूळ आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी आपल्याच जिल्ह्याचा इतिहास आठवावा. ताराबाई मोडक आणि गिजुभाई बधेका यांनी १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ स्थापन केला. १९४५ मध्ये ताराबाईंनी शहर सोडून समुद्रकाठच्या बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं. अनुताई वाघ तिथंच त्यांना येऊन मिळाल्या. मुलं बालवाडीत येत नाहीत म्हटल्यावर त्यांनी बालवाडी मुलांच्या अंगणात नेली, आणि अंगणवाडी जन्माला आली. आज देशभर जी पाटी लागलेली दिसते, ती इथून निघाली. १९५७ मध्ये दोघी डहाणू तालुक्यातल्या कोसबाडच्या टेकडीवर गेल्या, वारली मुलांमध्ये. ताराबाई तेव्हा पासष्टीच्या होत्या. गुरं राखणारी मुलं शाळेत येऊ शकत नाहीत म्हणून त्यांनी कुरणशाळा भरवली. त्या घरांची गरिबी आजच्या जव्हार-मोखाड्यापेक्षा कमी नव्हती. या दोघींनी भूक मिटायची वाट पाहिली नाही. मॉंटेसरीची महागडी साधनं परवडत नाहीत म्हणून हात चोळत बसल्या नाहीत. खडे, शिंपले, बिया, पानं, काटक्या यांचीच साधनं केली. नंतर रमेश पानसे आणि अनुताईंनी १९८२ मध्ये सुरू केलेल्या ग्राममंगलनं हेच काम डहाणूच्या पाड्यांवर पुढं नेलं, आणि वाडा तालुक्यातल्या सोनाळ्याहून नीलेश निमकर यांची क्वेस्ट ही संस्था आज अंगणवाड्यांबरोबर काम करते आहे. म्हणजे कसं करायचं हे शोधायला आपल्याला कुठं दूर जायचं नाही. ज्या जिल्ह्यानं देशाला अंगणवाडी दिली, त्याच जिल्ह्यात अंगणवाडीतला खेळ परका ठरावा, याचं मला फार वाईट वाटतं.

खेळणी येत नाहीत असंही नाही. संच येतात. फेब्रुवारी २०२३ मध्ये केंद्र सरकारनं ‘जादुई पिटारा’ आणला, त्याआधीही वेगवेगळ्या नावांच्या पेट्या आल्या. पण अनेक अंगणवाड्यांत मी हे पाहिलं आहे: तांदळाची पोती, वजनकाटा, उंची मोजायची पट्टी, आणि कोपऱ्यात कुलूप लावलेली पत्र्याची पेटी. ठोकळे त्यात कोरे करकरीत, काहींचं प्लॅस्टिकही काढलेलं नाही. सेविका ताईला विचारलं तर ती खरं तेच सांगते. सामान नोंदवहीत चढलेलं आहे, तुटलं-हरवलं तर जाब तिला द्यायचा. मग ती ते जपते, आणि जपलेल्या खेळण्यानं मूल खेळत नाही.

राहता राहिला एक आक्षेप, आणि माझ्या दृष्टीनं तोच एक खरा आहे. हे करणार कोण? सेविकेला वेळ कुठं आहे? पोषण ट्रॅकरवर रोजची नोंद करायची, त्यासाठी रेंज मिळेल अशा टेकाडावर जायचं, घरी न्यायच्या आहाराचं पाकीट देताना लाभार्थ्याचा चेहरा मोबाइलवर पडताळायचा, लसीकरणाच्या दिवशी मुलं गोळा करायची, सर्वेक्षणं करायची, आणि मदतनीस रजेवर असली तर खिचडीही शिजवायची. या बायकांना मानधन आणि निवृत्तिवेतनासाठी डिसेंबर २०२३ मध्ये राज्यभर संपावर जावं लागलं होतं. त्यांच्या डोक्यावर ‘आता खेळही घ्या’ म्हणून आणखी एक काम टाकायचं असेल तर त्याला माझाही विरोध आहे.

म्हणून मी माणूस मागतो. प्रत्येक पाड्यावर तिथलीच, तिथली बोली बोलणारी एक बाई, फक्त खेळासाठी, नियमित मानधनावर. तिनं सकाळी अंगणवाडीत दीड-दोन तास मुलांचा खेळ सांभाळावा, आणि दुपारी तीन वर्षांच्या आतल्या बाळांच्या घरी जावं, सॅम आणि मॅमच्या (मध्यम कुपोषित) मुलांकडे आधी, आठवड्यातून निदान एकदा, तासभर. जमैकातल्या आरोग्यसेविका यापेक्षा वेगळं काही करत नव्हत्या. पोषण पुनर्वसन केंद्रात मूल आईसोबत दोन-तीन आठवडे असतं. तिथं रोजचा अर्धा तास खेळ औषधाच्या तक्त्यावरच लिहिला जावा आणि झाला की नाही याची सही घेतली जावी, म्हणजे घरी जाताना आईच्या हाती पाकिटांबरोबर बाळाशी कसं खेळायचं तेही जाईल. अंगणवाडीतल्या खेळण्यांची मोडतोड हा खर्च म्हणून धरला जावा, सेविकेची चूक म्हणून नाही. भट्टीमालकाकडून मुलांसाठी सावलीची, गाड्यांच्या वाटेपासून दूर अशी जागा लिहून घ्यावी, आणि पाड्यावरची ती बाई मुलांबरोबर तिथं जाणार असेल तर तिचं मानधन तिथंही चालू राहावं. हे सगळं ऑक्टोबर संपायच्या आत ठरलं पाहिजे. दिवाळी झाली की मुकादमाच्या गाड्या लागतात आणि पुढं शिमग्यापर्यंत निम्मे पाडे रिकामे असतात.